आणि त्यांचे बंधू

वाटणी चमच्यापाशी येऊन अडली होती.

मी पोचलो तेव्हा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या घरातली भांडी, गाद्या, शिड्या, रंगाचे डबे या सगळ्यांची फाळणी रक्तपात न होता पार पडली होती, आणि सोप्यात दोन सख्खे भाऊ एका स्टीलच्या चमच्याकडे बघत बसले होते. दोघेही माझे मामा. थोरले महिपती, त्यांना सगळी पेठ तात्या म्हणायची. धाकटे सुबराव. मी त्यांच्या एकुलत्या बहिणीचा मुलगा. तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो आणि सार्वभौमत्वाचे तुकडे करता येत नाहीत, असं दरवर्षी मुलांना सांगत होतो. मुलं ते लिहून घ्यायची. मामांनी लिहून घेतलं नव्हतं.

आईनं मला पाठवताना एवढंच बजावलं होतं, “मधे बसून राहा नुसता. शहाणपणा करू नको. भाचा मधे असला की माणसं शिव्या जरा बेतानं देतात.”

“चमचा माझ्या हाताला बसलाय,” सुबरावमामा म्हणाले.

“आणि माझ्या हाताला काय काटं फुटल्यात?” तात्या म्हणाले.

“तू डाव घे की. पितळंची हाय. वजनाला जास्त भरंल.”

“डावेनं आमटी वाढतात. छाप घासत न्हाईत. मास्तर, सांग ह्याला.”

मास्तर म्हणजे मी. कॉलेजात शिकवणाऱ्याला प्राध्यापक म्हणतात हे तात्यांना ठाऊक होतं, पण पटलेलं नव्हतं.

या चमच्याचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळणं अवघड आहे. दारावर ‘वडणगेकर बंधू, पेंटर्स’ असा बोर्ड होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची कमळं, कुस्तीच्या मैदानांचे फलक यांवर घर चालायचं. जीव मात्र अडकला होता लिनोकटात. एक जुनं टॉकीज बंद पडलं तेव्हा तिथल्या मॅनेजरच्या खोलीतलं लिनोलियम दोघांनी गुंडाळी करून खांद्यावरून घरी आणलं होतं. चामड्यासारखं जाड. ते उन्हात ठेवून मऊ करायचं आणि त्यावर कोरणीनं कोरायचं. कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं, सोडलं ते काळं उमटतं. हा झाला ठसा. त्यावर रुळानं शाई लावायची, कागद ठेवायचा आणि घरात प्रेस नसल्यामुळं चमच्याच्या पाठीनं कागद घासत बसायचं. घासून घासून त्या एका चमच्याची पाठ आरशासारखी झाली होती. दुसऱ्या चमच्यानं कागद फाटायचा.

आणि कोरायचं काय, तर कळंब्याच्या तलावावर थंडीत उतरणारे पाणपक्षी. दुसरं काही नाही. गिऱ्हाइकांनी देव मागितले, पुढारी मागितले, एकानं स्वतःची म्हैस मागितली. दोघांनी कुणाला दाद दिली नाही. पाटीवर म्हशीचं चित्र रंगवून दिलं असतं, लिनोत नाही.

कामाची विभागणी लग्नांच्याही आधीची. पक्षी सुबरावमामा कोरायचे. पिसन् पीस. पाणी तात्या कोरायचे. पाणी, त्यावरचा वारा, काठाची पाणकणसं. छाप निघाला की खाली पेन्सिलीनं सही एकच: ‘वडणगेकर’. पुढं-मागं कुणाचं नाव नाही. असं गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग पुण्यात प्रदर्शन भरलं आणि वर्तमानपत्रात कौतुक छापून आलं. कोल्हापुरात माणसं टीका पचवतात. कौतुकानं घरं फुटतात.

तात्यांनी बंडीच्या खिशातून कात्रणाची घडी काढून माझ्यापुढं धरली. “वाच.”

“तात्या, तुम्हाला पाठ आहे ते.”

“असू दे. पंचाच्या तोंडनं आलेलं बरं असतंय. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. “‘प्रदर्शनाचे खरे आकर्षण ठरले ते पाणपक्ष्यांचे किमयागार सुबराव वडणगेकर आणि त्यांचे बंधू.’”

“फुडं?”

“पुढं पूर्णविराम.”

“त्यांचे बंधू,” तात्या भिंतीला सांगावं तसं म्हणाले. “बंधूचं बारसं करायचं राहिलं हुतं आईबापाकडनं. तसाच वाढवला.”

“मी लिवलंय व्हय ते?” सुबरावमामा उसळले. “त्या पेपरवाल्या पोरीनं इचारलं, बदकं कुणी कोरली? म्हटलं, मी. खोटं सांगू?”

“पाणी कुणी कोरलं, म्हणून इचारलं न्हाई तिनं?”

“न्हाई इचारलं. पाण्याचं काय इचारायचं? पाणी म्हंजे रेघा.”

तात्यांनी कात्रणाची घडी पुन्हा घालून खिशात ठेवली. आपण काय बोललो ते सुबरावमामांना कळलं असावं, कारण त्यांनी तंबाखूची पुडी काढली आणि मळत बसले. मळून झाल्यावरही मळत बसले.

हौसामामी, म्हणजे तात्यांची बायको, चहा घेऊन बाहेर आली. सुबरावमामांची बायको माहेरी गेली होती. या बाबतीत आपलं मत कुणी विचारणार नाही हे ओळखून तिनं चार दिवस आधीच गाडी पकडली होती. हौसामामीनं कपबश्या ठेवल्या, चमचा उचलला, पदरानं पुसला.

“ह्यो कुणालाच न्हाई. ह्यो माझ्या रुखवतातला हाय. बारा हुतं, अकरा तुम्ही शाईत बुडवून काळं केलासा. ह्यो मी घेतो.”

कोल्हापुरी बायका ‘घेतो’ म्हणतात तेव्हा त्यावर अपील नसतं. चमचा तिच्या कमरेला गेला.

तात्यांनी बशीत चहा ओतला. तो बशीतून खाली, खालून सतरंजीवर गेला तरी ओतत राहिले. मामीनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला. राग माणसाला कुठवर नेतो, असं मी मनाशी म्हटलं. मी राज्यशास्त्राचा माणूस. मला सगळीकडे राग आणि सत्ताच दिसायची.

“आता मोठा ठसा,” तात्या म्हणाले.

खरी वाटणी हीच होती. बाकी सगळं तिच्या आधीचं नमन. आदल्या वर्षभर दोघांनी मिळून कोरलेला तो ठसा, सोप्यातल्या खिडकीच्या एका झडपेएवढा. त्याचे मोजकेच छाप निघाले होते. त्यांतल्या एकानं पुणं जिंकलं आणि हे घर हरवलं. तो ठसा कुणालाच सोडायचा नव्हता. एकानं घ्यावा तर दुसरा पेठ सोडून गेला असता. म्हणून तात्यांनीच तोड काढली होती: मधोमध कापायचा.

समोरच्या भिंतीवर त्याच ठशाचा एक छाप काच लावून टांगलेला होता. डाव्या अर्ध्यात पक्ष्यांची दाटी. कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी, चोचीच्या टोकाशी पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका म्हणून लोक ज्याला हळदी-कुंकू म्हणतात त्या बदकांची जोडी, फावड्यासारख्या चोचीचे थापट्ये. उजव्या अर्ध्यात एकही पक्षी नाही. नुसतं पाणी, पार पलीकडच्या पाणकणसांपर्यंत. आणि बरोबर मधे, दोन अर्धी मिळतात तिथं, पाण्यावर एकात एक गोल वर्तुळं. तिथं सुबरावमामांनी एक टिबुकली कोरायची ठरवली होती. टिबुकली म्हणजे मुठीएवढा पाणपक्षी. सारखी बुड्या मारते. मामा दुसऱ्या दिवशी कोरणी घेऊन आले तर तात्यांनी त्या जागी वर्तुळं कोरून ठेवलेली.

“माझी टिबुकली कुठाय?” त्यांनी विचारलं होतं.

“बुडालीया,” तात्यांनी सांगितलं होतं. “ईल वर.”

त्यावर दोघं आठवडाभर हसत होते. हे मला मामीनं सांगितलं होतं. आता कापायची रेघ त्या वर्तुळांमधून जाणार होती.

आतल्या खोलीत लांब टेबलावर ठसा जुन्या धोतराच्या फडक्याखाली झाकलेला होता. तात्यांनी आम्हा दोघांना खिडकीच्या बाजूला उभं केलं, स्वतः शेजारी उभे राहिले. उघड्या दारातून सोप्यातल्या भिंतीवरचा छाप दिसत होता.

“मास्तर, कान दे,” तात्या म्हणाले. “डावी अर्धी सुबाची. उजवी अर्धी माझी. कबूल हाय का त्याला इचार.”

सुबरावमामांनी दारातून छापाकडे बघितलं. डावी अर्धी म्हणजे पक्षी. सगळे पक्षी. ते तात्यांकडे बघायला लागले. एवढ्या सहज? त्यांच्या चेहऱ्यावर संशय आला, मग जरा लाज आली, आणि शेवटी जे यायचं तेच आलं.

“कबूल.”

“शब्द?”

“शब्द. जोतिबाची आण.”

तात्यांनी देवळीतली गुलालाची पुडी चाचपून काढली. मला लावला, सुबरावमामांना लावला. त्यांना लावताना कपाळाच्या ऐवजी भुवईवर लागला. मग त्यांनी फडकं ओढलं.

पक्षी उजवीकडे होते.

ठशावर सगळं उलटंच असतं. तसं कोरल्याशिवाय कागदावर सुलटं उमटत नाही. हे मलाही ठाऊक होतं, पेठेतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, आणि सुबरावमामांनी तर मिसरूड फुटल्यापासून दुसरं काही केलं नव्हतं. पण त्या दिवशी ते कलावंत म्हणून उभे नव्हते. वाटेकरी म्हणून उभे होते. वाटेकरी भिंतीकडे बघतो.

“फसवलंस!” ते ओरडले.

“कसं काय?”

“मी छापाची डावी म्हटलं!”

“वाटणी ठशाची हाय. छापाची न्हवं,” तात्या शांतपणे म्हणाले. “मास्तर, पंच हाईस न्हवं? सांग. ह्या टेबलावर डावी बाजू कंची?”

दोन्ही मामा माझ्याकडे बघत होते. मी टेबलाकडे बघितलं. आईनं शहाणपणा करू नको म्हटलं होतं. डावीकडे बोट दाखवायला शहाणपणा लागत नव्हता. मी दाखवलं. पाण्याकडे.

“जन्म गेला उलटं कोरण्यात,” तात्या म्हणाले, “आणि ह्याला डावं-उजवं कळंना.”

“ह्या रेघा घिऊन काय करू मी? कपडं वाळत घालू?”

“घाल की. तुझं तरी वाळतील.”

सुबरावमामांचा हात कोरणीकडे गेला तशी मी उगीचच मधे सरकलो. पण त्यांनी कोरणी उचलली नाही. जोतिबाची आण घेतली होती, आणि शब्द म्हणजे शब्द. ते म्हणाले, “काप. आत्ताच्या आत्ता काप. माझ्यासमोर.”

तात्यांनी सुरी उचलली. ठशावरून बोटं फिरवत फिरवत ते मधल्या वर्तुळांपाशी आले आणि थांबले. मग सुरी उलटी धरून मूठ सुबरावमामांच्या पुढं केली.

“तू काप. तुझा हात बरा हाय.”

तात्यांनी धाकट्या भावाच्या हाताचं कौतुक केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वाटणीच्या दिवशी माणसं काय वाटेल ते बोलतात. सुबरावमामांनी पट्टी ठेवली, सुरी ओढली, लिनोलियम मागं वाकवलं. ते कटकन तुटलं. पाठीचं गोणपाट तेवढं चिवट निघालं. ते वेगळं कापावं लागलं. टिबुकलीची वर्तुळं अर्धी इकडे, अर्धी तिकडे झाली.

संध्याकाळी सांगलीला येऊन मी आईला सगळं सांगितलं. म्हटलं, “तात्यांनी चक्क फसवलं. नाव झालं ते पक्ष्यांचं, म्हणून पक्षीच लाटले.”

आई तांदूळ निवडत होती. “तात्यानं फसवलं?” ती म्हणाली. “मग त्यात तोट्यात कोण गेलंय ते एकदा नीट बघ.”

मी नीट बघितलं. सुबरावमामाच तोट्यात गेलेले दिसले. मी परीक्षेचे पेपर तपासायला बसलो.

श्रावणात एका सकाळी सुबरावमामा सांगलीला आमच्या दारात. दाढी वाढलेली, काखेत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली सुरळी. आईनं पाण्याचा तांब्या दिला तो तसाच खाली ठेवून त्यांनी माझ्या टेबलावरची सगळी पुस्तकं जमिनीवर सारली आणि सुरळी पसरली. त्यांच्या वाटणीच्या अर्ध्याचा छाप होता. नुसतं पाणी.

“बघ.”

“काय बघू?”

“पाणी बघ, मास्तर. पाणी.”

मी बघितलं. पाणी होतं.

“नवी बदकं कोरली मी,” ते म्हणाले. “राजारामपुरीत खोली घेतलीया न्हवं, तिथं. चांगली कोरली. छापली. तर ती कागदावर टांगल्यागत दिसायला लागली. खाटकाच्या दुकानात असत्यात तशी. खाली पाणीच न्हाई. मीच कोराय गेलो. रेघा तर हायत्या, म्हटलं. चार तुकडं वाया घालवलं. मग म्हटलं, त्यो लेक नेमका कसा कोरतोय ते तरी बघू. म्हणून माझ्या अर्ध्याला शाई लावली. आता हितं बघ.”

त्यांचं बोट छापाच्या कडेशी होतं.

“तात्याची रेघ कधी रेघंवर जात न्हाई. एकीशेजारी एक, धान पेरल्यागत. ह्या वरच्या अंगाला बघ, तशीच हाय. आणि खाली ये. हितं रेघ रेघंवर गेली. हितं कोरणी घसरली. आणि हितं बघ, एकच रेघ दोनदा सुरू केलीया. बोटानं चाचपून जागा धरलीया त्यानं. डोळ्यानं न्हवं.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“काम बिघडलंय म्हणजे?” मी विचारलं.

“बिघडलंय?” सुबरावमामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. “एवढं हलतं पाणी त्यानं जन्मात कोरलं न्हवतं. बघून बघून मला गरगरलं.”

“पण मामा, याचे छाप तुम्हीच काढले होते. भिंतीवर एक टांगलेला होता.”

त्यांनी तांब्या उचलला, प्यायला नाही, परत ठेवला. “छाप निघाला की मी माझी बदकं बघायचो,” ते म्हणाले. “तिकडं बघितलंच न्हाई कवा.”

आम्ही दुपारच्या गाडीनं कोल्हापूरला गेलो. वाटेत ते सुरळी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, पत्रिका आहे का? ते हो म्हणाले.

तात्या सोप्यात पायरीवर बसले होते. आम्ही समोर जाऊन उभे राहिलो.

“कोण?” तात्या म्हणाले.

“मी, तात्या,” मी म्हटलं.

“मास्तर व्हय. आणि संगं कोण हाय? तंबाखूचा वास वळखीचा येतोय.”

सुबरावमामा मटकन त्यांच्याशेजारी बसले. “किती दिस झालं?”

कशाला, असं तात्यांनी विचारलं नाही. “काचबिंदू म्हणतोय डागदर. गेल्याच्या गेल्या थंडीपास्नं. गेलं ते काय परत येत न्हाई. उरलंय ते हळदी-कुंकवाच्या चोचीएवढं. त्यातनं तुझं नाक दिसतंय. फेंदारलंय.”

“म्हणून परड्यात एकटा बसून कोरत हुतास? उजेड पायजे म्हणून?”

“मग काय, तुझ्या म्होरं चाचपू?”

“सांगायचं न्हाईस?” सुबरावमामांचा आवाज पेठेत पलीकडे जायला लागला. “भांडत काय बसलास? त्या पेपरच्या तुकड्यावरनं चुली वेगळ्या केल्यास!”

“हळू बोल. डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं,” तात्या म्हणाले. “भाऊ भांडून वेगळं झालं तर पेठ चार दिस चघळती आणि थुकून देती. डोळं गेलं म्हणून घरात बसलो असतो तर रोज कुणी ना कुणी कीव करायला आलं असतं. सगळ्यात आधी तू. माझा हात धरून मला बोर्डावर कमळ काढाय लावलं असतंस.”

“म्हणजे ते ‘त्यांचे बंधू’ लागलंच नव्हतं तुम्हाला?” मी विचारलं.

“लागलं न्हाई कसं? चांगलं लागलं. पण तेवढ्यावरनं घर फोडायला मी काय नगरसेवक हाय?”

हौसामामी दारात येऊन उभी होती. तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. ट्रंकेवर पक्ष्यांचा अर्धा ठसा पालथा घातलेला मला दिसला; त्यावर तिनं धुण्याच्या घड्या ठेवल्या होत्या. पाच-सहा महिन्यांत त्याला कुणी शाई लावलेली नव्हती.

सुबरावमामांनीही तो बघितला. “आणि ती बदकं? छापायची न्हवती तर कशाला फसवून घेतलीस?”

“बदकं तू परत कोरशील,” तात्या म्हणाले. “ह्या थंडीत न्हाईतर फुडच्या. पाणी कुठनं आणणार हुतास? ते शेवटचं हुतं. सरळ हातात दिलं असतं तर, रेघा म्हणून टाकलं असतंस कोपऱ्यात.”

“फसवून दिलंस तरी टाकलंच हुतं की.”

“पर काढलंस न्हवं परत? आणि जुनी बदकं तुझ्याकडं असती तर तीच छापत बसला असतास. पुणंवाल्यांना तीच पायजे असत्यात.”

सुबरावमामांचा चेहरा काय झाला होता ते तात्यांना दिसलं नाही. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यांनी नाक शर्टाच्या बाहीला पुसलं आणि आत तोंड करून हाक मारली.

“वैनी, चमचा कुठाय?”

त्या थंडीच्या अखेरीस मी पुन्हा गेलो तेव्हा लांब टेबल परड्यात, उन्हात आणलेलं होतं. तात्यांच्या पाण्याच्या अर्ध्याला सुबरावमामांनी नवा अर्धा जोडला होता. नवे पक्षी. सगळी थंडी पहाटे कळंब्यावर सायकलनं जाऊन बघितलेले. मामा रुळानं शाई लावत, कागद टाकत आणि बाजूला होत. मग तात्या चमचा घेऊन बसत. घासायला डोळे लागत नाहीत. चमच्याखाली कागद कुठं धरतोय, कुठं सुटतोय ते हाताला कळतं, आणि त्यांच्या हाताला ते आधीपासूनच जास्त कळत होतं. मामी मधून मधून येऊन चमच्याचा हिशेब घेतल्यासारखं बघून जायची.

कागद उचलला. ओला, काळाभोर, चकाकता. मधोमध वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ.

“सांधा दिसतोय?” तात्यांनी विचारलं.

“दिसतोय,” सुबरावमामा म्हणाले. “बुजवू?”

“ऱ्हाऊ दे. वाटणी झालीया ती झालीया. खोटं कशाला?” त्यांनी चमचा खाली ठेवला. “टिबुकली?”

मी कागदावर वाकून बघितलं. सांध्याच्या एका अंगाला तात्यांची जुनी अर्धी वर्तुळं होती. दुसऱ्या अंगाला ती पुरी झाली होती, आणि त्यांच्या मधोमध एक ओलं, पिंजारलेलं, मुठीएवढं डोकं.

“वर आलीया,” सुबरावमामा म्हणाले.

“लई वेळ बुडाली,” तात्या म्हणाले.

छाप दोरीवर वाळला. दुसऱ्या दिवशी सुबरावमामांनी तो टेबलावर घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि खालच्या कोपऱ्यात सही करायला लागले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. पेन्सिलीचा आवाज ऐकून तात्यांनी मान वळवली.

“मास्तर, ‘वडणगेकर’ लिवायला एवढा वेळ लागत न्हाई. काय लिवतोय त्यो?”

मी वाचलं. “‘महिपती वडणगेकर आणि त्यांचे बंधू.’”

सुबरावमामा पेन्सिल कानावर ठेवून कामात असल्यासारखे रूळ पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.

“बंधूला नाव न्हाई व्हय?” तात्यांनी शेवटी विचारलं. “का कागूद कमी पडला?”